डाव्या डोळ्यातली काकणं

गुंजी
रविवार, ५ जानेवारी २०२५

रचना, तुला आक्काचा आशीर्वाद. घ्यायचा नसला तर बाजूला काढून ठेव, पण पत्र पुरतं वाच.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला आज दीड महिना झाला. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा कागद. दर रविवारी तू शेजारच्या रुक्माबाईच्या फोनवर व्हिडिओ लावतेस, लेकीशी बोलतेस, आणि मी भिंतीआड उभी राहून ऐकते, हे तुलाही ठाऊक आहे. असू दे. त्या दिवशी प्रियदर्शनीनं मला "आई" म्हणून हाक मारली, मी ओ दिली, आणि फोनवर नेमकी तू होतीस. माझं चुकलं. त्यावर तू बोललीस आणि मी म्हटलं, "पोटातनं काढली म्हणून कोण आई होत न्हाय." ते तर फारच चुकलं. माझ्या जिभेला हाड नाही हे तू लहानपणापासून बघतेस. पण तूही माझी बाजू बघ. तुझा नवरा तुला सोडून गेला, तू पुण्याला पॅकिंगच्या कामाला गेलीस, चौघींत एक खोली. पोर तीन वर्षांची माझ्या ओटीत घातलीस. अडीच वर्षं ती माझ्या कुशीत झोपते. मला मूल नाही, हे मी तुला सांगायला नको. आणि आता मे महिन्यात खोली घेऊन तिला घेऊन जाणार, असं तू रुक्माबाईजवळ बोललीस.

ते भांडण आज नको. आज एक मजा सांगते. आमच्या सुपरवायझर मॅडमनी सगळ्या अंगणवाड्यांना फर्मान काढलं, घरातल्या टाकाऊ वस्तूंतून खेळणं करा, प्रदर्शन आहे. बाकीच्या टीचर बाटलीची फुलं करणार हे ठरलेलंच. मी म्हटलं, आपण शोभादर्शक करू. मोरीतला आरसा दिवाळीत फुटला होता. फुटका आरसा घरात ठेवू नये म्हणून तुझे दाजी रोज बोंबलत होते, आता त्यांनाच कामाला लावलं. त्यांनी त्यातून एक वीत लांब आणि दोन बोटं रुंद अशा तीन सारख्या पट्ट्या कापून दिल्या. चकचकीत बाजू आत ठेवून मी त्यांचा त्रिकोण बांधला, अगरबत्तीच्या गोल डब्यात बसवला, हलू नये म्हणून भोवती वर्तमानपत्र कोंबलं. एका टोकाला पुठ्ठा लावून डोळ्यापुरतं भोक पाडलं. दुसऱ्या टोकाला साडीच्या खोक्याचं पारदर्शक प्लास्टिक, त्यावर काकणांचे तुकडे, आणि वरून तेलात बुडवून वाळवलेल्या कागदाचं झाकण. चिकटपट्टी संपली होती, म्हणून झाकण मैद्याच्या खळीनं चिकटवलं. सगळा खर्च शून्य.

प्रियदर्शनीनं पहिल्यांदा डोळा लावला आणि किंचाळलीच. "मावशे, आत लई देवळं हाईत गं!" दिवसभर नळी हातातून सोडली नाही. तू बघायला हवी होतीस. मनापासून लिहिते.

आज फोनवर तू तिला विचारलंस, डोळा का चोळतेस म्हणून. आंघोळीला साबण गेला होता. दुसरं काही नाही. थंडी फार आहे म्हणून दोन दिवस तिला अंगणवाडीत नेली नाही, घरीच ठेवली.

तुझी आक्का, मंगल


गुंजी
रविवार, १९ जानेवारी २०२५

रचना,

संक्रांतीचा तिळगूळ पार्सलनं पाठवला, मिळाला असेल. गोड बोलायचं की नाही ते तू ठरव.

साबण गेला नव्हता. मीच तिला "साबण म्हण" असं शिकवलं होतं. आता सगळं बरं झालंय म्हणून सांगते, नाहीतर तू तिकडे जीव टांगणीला लावून बसली असतीस.

तीन तारखेला, शुक्रवारी, मी भाकऱ्या थापत होते. ही उताणी पडून वरच्या काचेच्या कौलाकडे नळी धरून बघत होती. थंडीनं खळ वाळून तडकली असणार. झाकण सुटलं आणि काकणांचे सगळे तुकडे तिच्या तोंडावर आले. ती रडली नाही, हसली. मी पिठाच्या हातानंच तिला उचलली, डोळ्यांवर तांब्याभर पाणी मारलं. तुकडे मोजले. आत किती घातले होते ते आठवेना. डावा डोळा लाल झाला होता. तो काचेनं झाला की माझ्या चोळण्यानं, देव जाणे.

संध्याकाळी दुसरं झाकण लावून नळी तिच्या हातात दिली. म्हटलं, बघ बघू. तिनं उजव्या डोळ्याला लावली. दिसतंय म्हणाली. मी म्हटलं, आता ह्या डोळ्यानं. डावीकडे लावली आणि लगेच खाली घेतली.

"ह्या डोळ्यात काकणं न्हाईत."

"मग काय हाय?"

"नुसता उजेड हाय."

रचना, त्या रात्री मी जेवले नाही. दाजींना सांगितलं नाही. डॉक्टरकडे नेलं तर पहिला प्रश्न काय येणार? काच कुणी दिली पोराच्या हातात? अंगणवाडी टीचरनं. पोर कुणाची? हिची नाही. मग हे गावभर होणार, तुझ्यापर्यंत येणार, आणि तू मे महिन्याची वाट बघणार नाहीस.

म्हणून नंदगडला अंबुबाईकडे नेली. मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ गेलं की आजूबाजूची सगळी गावं तिच्याकडेच जातात, तुलाही आईनं नेलं होतं लहानपणी. ती अजून तशीच आहे, फक्त दात गेलेत. चूळ भरली, पोरीला मांडीवर घेतली, पापणी उलटली आणि जिभेच्या टोकानं डोळा पुसून घेतला. मग पदरावर दोन कण काढून दाखवले, चमचमणारे. म्हणाली, "बघ, काच हाय न्हवं? मी काढतो म्हटलं की निघतंयच. आता घोर करू नगंस." मी तिच्या पाया पडले. ते कण कागदाच्या पुडीत बांधून देव्हाऱ्यात ठेवलेत.

तिसऱ्या दिवशी लाली गेली. आता डोळा स्वच्छ आहे, पोर खेळते, जेवते, भांडते. नळी मी वरच्या फळीवर ठेवून दिली. परत डाव्या डोळ्यानं बघायला लावलं नाही. उगाच कशाला?

आक्का


गुंजी
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

रचना,

तुझा निरोप रुक्माबाईनं तुझाच आवाज काढून सांगितला, "आजच्या आज डॉक्टर!" तिला असली कामं फार आवडतात.

दाखवलं. गुरुवारी खानापूरला नेलं होतं. डॉक्टर भला माणूस आहे. टॉर्च मारून दोन्ही डोळे बघितले, थेंब लिहून दिले, दिवसातून तीनदा. महिनाभरात पूर्ण बरं होईल म्हणाले. तू काळजी करू नकोस आणि कामाचे खाडे पाडून धावत येऊ नकोस. तिची शाळा, जेवण, सगळं मी बघते.

आक्का


गुंजी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

रचना,

डॉक्टर भला माणूस आहे की नाही मला माहीत नाही. मी त्याचं तोंडच बघितलं नाही.

खानापूरला गेले होते, एवढं खरं. चिठ्ठी काढली. बाकावर पोरीला मांडीवर घेऊन पाऊण तास बसले. आतून तिच्या नावाची हाक आली आणि मी उठले ती सरळ रस्त्याला लागले. बसमध्ये ती विचारते, "मावशे, आमचं नाव घेतलंनी की. आपण का आलो?" मी तिला चुरमुऱ्यांची पुडी घेऊन दिली. थेंबांची गोष्ट मी घरी आल्यावर रचली. खोटं बोलायला गेलं की माणसाला तपशील फार सुचतो, दिवसातून तीनदा म्हणे.

आता ऐक. काल दुपारी दाजी रेल्वेच्या ड्यूटीला गेले होते. मी फळीवरची नळी काढली. डाव्या डोळ्याला लाव म्हटलं. तिनं लावली आणि उजवीकडे फिरवली. मी परत डावीकडे नेली. तिनं परत फिरवली. मग मी नळी ठेवली, माझ्या तळव्यानं तिचा उजवा डोळा झाकला आणि समोर दुसरा हात धरला. विचारलं, बोटं किती?

"बोटं न्हाईत मावशे. नुसता हात हाय."

एका हाताच्या अंतरावरून, रचना. आणि भर उजेडात.

मी तो हात तसाच धरून बसले. तिनंच माझा तळवा काढला आणि खेळायला गेली. रात्री दाजींना सगळं सांगितलं. मला वाटलं, हा माणूस आता घर डोक्यावर घेईल. त्यांनी देव्हाऱ्यातली पुडी मागितली, ते कण बोटावर घेऊन बघितले, आणि जिभेला लावले. म्हणाले, "साखर हाय गं ही."

मला हसू आलं आणि मग इतकं रडू आलं की रुक्माबाई भिंतीवरून डोकावली.

साखरेच्या दोन दाण्यांवर मी पाच आठवडे काढले. काच अजून आत असेल तर ती कुठवर गेली असेल? मी रात्री उठून तिच्या उशाशी बसते. डोळे मिटलेले असताना दोन्ही सारखेच दिसतात. दाजींनी वीस तारखेची रजा घातलीय. बेळगावला डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नेतो. ह्या वेळी मी पळणार नाही, कारण दाजी बरोबर आहेत. तुला काय बोलायचं ते बोल. मी भिंतीआडून पुढे येऊन ऐकेन.

आक्का


गुंजी
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

रचना,

गेल्या रविवारी तू फोनवर रडलीस, मला हाक मारलीस, आणि मी पुढे आले नाही. येईन म्हणून लिहिलं होतं. पायच उचलेना.

आता नीट बसून वाच. काच नव्हती! डोळ्यात काच नव्हतीच कधी. साधा ओरखडासुद्धा नाही.

गुरुवारी सकाळी नऊला गेलो. थेंब घातले, बाहुल्या मोठ्या केल्या, दोन तास बसवलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, कन्नड बोलणाऱ्या, पण माझी कन्नड तुझ्यापेक्षा बरी असल्यानं अडलं नाही. मी आत जाताच सगळं ओकून टाकलं, आरसा, काकणं, खळ, अंबुबाई. त्यांनी यंत्रातून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "डोळा स्वच्छ आहे. काचेनं काही झालेलं नाही. हा जन्मापासूनच अधू आहे. नंबर फार मोठा आहे, त्यामुळे ह्या डोळ्याचं चित्र कधी स्पष्ट पडलंच नाही, आणि मेंदूनं त्याचं ऐकायचं सोडून दिलं." आळशी डोळा म्हणतात त्याला. बाहेरून कळत नाही. दुसरा डोळा सगळं काम करतो, पोर पळतं, खेळतं, कुणाला शंका येत नाही.

मग त्या म्हणाल्या, "खेळणं कुणी केलं?" मी म्हटलं, मी. म्हणाल्या, "त्यातून एका डोळ्यानंच बघावं लागतं, म्हणून कळलं. नाहीतर दहावीपर्यंत कळलं नसतं."

रचना, सात आठवडे माझ्या छातीवर जातं होतं ते कुणीतरी उचललं. दाजींनी तिथंच माझ्या पाठीवर हात ठेवला, चार माणसांत. बाहेर आल्यावर कुंदा घेतला आणि बसस्टँडवर उभ्यानं खाल्ला. दाजी म्हणाले, "आता तरी पोटभर जेव, वाळलीस."

उपाय आहे. चष्मा लावायचा, तो आठ दिवसांत मिळेल. आणि रोज सहा तास चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागेल. महिन्या-महिन्याला तपासणी. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत आशा असते, नंतर डोळा जसाच्या तसा राहतो. हिला सहावं चालू आहे. वेळ आहे. तू धावत येऊ नकोस. सगळं माझ्या हातात आहे.

आक्का


गुंजी
रविवार, १६ मार्च २०२५

रचना,

तुझं पत्र सोमवारी आलं. तुझ्या हातचं पत्र मला आयुष्यात पहिलंच. दाजींना दोनदा वाचून दाखवलं, रुक्माबाईला एकदा, आणि मला स्वतःला किती वेळा ते सांगत नाही. तू लिहिलंस, "आक्का, तू ती नळी केली नसतीस तर माझ्या पोरीचा डोळा गेला असता. मी तुला नको ते बोलले. मी खोली बघायचं थांबवते. प्रियदर्शनी तुझ्याकडंच राहू दे, तिला आई म्हणायचं तर म्हणू दे."

दुसरं कुठलं वाक्य मी देवाकडे मागितलं असतं? सोमवार, मंगळवार, बुधवार मी हवेत होते. पुरणपोळी केली, होळीला अजून दोन दिवस होते तरी केली.

गुरुवारपासून मला ते पत्र हातात धरवत नाही. पुढचं वाचलंस की ते परत घे.

दवाखान्यातलं मी तुला सगळं लिहिलं नव्हतं. खेळण्याचं कौतुक झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "तीन वर्षांची असताना अंगणवाडीत डोळे तपासले नव्हते का?" माझ्या आधी दाजीच म्हणाले, मोठ्या अभिमानानं, "ही सोताच टीचर हाय की वो!" आणि मी म्हटलं, "तपासले होते. ठीक होते." त्या कागदावर लिहीत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "तेव्हा धरलं असतं तर काम निम्मं होतं. आता किती येईल, सांगता येत नाही."

किती येईल सांगता येत नाही, हे मी गाळलं. आणि तपासले होते, हे खोटं आहे.

सप्टेंबर २०२२. तू तिला माझ्याकडे सोडून दोन महिने झाले होते. तपासणीची गाडी यायची म्हणून वरून वही आली. नियम असा की गाडी यायच्या आधी टीचरनं प्रत्येक पोराचा एक-एक डोळा झाकून दहा फुटांवरून चित्रं ओळखायला लावायची, आणि ज्याचं चुकेल त्याचं नाव डॉक्टरांपुढे ठेवायचं. सत्तावीस पोरं. पहिल्या दोघांचे डोळे झाकले तर त्यांनी भोकाड पसरलं, त्यांचं बघून बाकीच्यांनी. वर भात करपला, अंडी उकडायची होती. मी दुपारी एकटी बसले आणि सत्तावीस नावांपुढे बरोबरची खूण केली. सगळ्या एका ओळीत, सुंदर आल्या. आम्ही सगळ्याजणी असंच करतो. ज्याचे डोळे बिघडले असतील तो आपटेल-धडपडेल, आपल्याला कळेलच, असं वाटतं. तिसरं नाव हिचं होतं. हिचा डोळा झाकायला माझ्या घरी मला रोज वेळ होता.

पुढच्या वर्षी वही आली तेव्हा मागच्या वर्षीचं बघून उतरवलं.

म्हणजे रचना, काच डोळ्यात गेली नाही ह्याचा आनंद मी चार दिवस केला, कुंदा खाल्ला, आणि ज्यानं तिची अडीच वर्षं गेली ते माझ्याच अक्षरात कपाटात होतं. नळी मी प्रदर्शनात बक्षीस मिळावं म्हणून केली. डोळा तपासायला नाही. तू ज्याचे आभार मानतेस ते चुकून झालंय, आणि जे करायचा मला पगार मिळतो ते मी केलं नाही.

गुरुवारी आणि शनिवारी मी सगळी पोरं परत घेतली. वाटी डोळ्यावर धरायची, चोर-पोलीस खेळायचं सांगितलं की कुणी रडत नाही. इतकं सोपं होतं. एका पोरीचं चुकलं, तिच्या आईला आजच घरी जाऊन सांगितलं. सुपरवायझर मॅडमना फोन करून जुन्या वहीचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंगलबाई, हे कशाला उकरून काढालाय तुम्ही?" नोटीस येईल किंवा येणार नाही. त्याची भीती मला आता दुसऱ्या नंबरवर आहे.

पहिल्या नंबरची सांगते. चष्मा आला, पट्टी सुरू झाली, सोळा दिवस झाले. सहा तास सांगितलेत. मी तुला आणि दाजींना सहाच सांगते. खरं म्हणजे एकाही दिवशी दोन तासांच्या वर गेले नाहीत. पट्टी लावली की ती चाचपडते, ताट सांडते, ओरडते, "मावशी वाईट हाय, मला मावशी नगं." ते ऐकलं की माझा हात आपोआप पट्टीकडे जातो. ती मला नको म्हणाली तर माझ्याजवळ काय उरतं? तुला ते भय नाही. ती तुला कितीही नको म्हणाली, लाथा मारल्या, तरी तू तिची आईच. तू सहा तास धरून ठेवशील. मी नाही धरू शकत. सोळा दिवस करून बघितलं. मागच्या पत्रात लिहिलं होतं ना, सगळं माझ्या हातात आहे म्हणून. माझ्या हातात तो डोळा जाईल.

म्हणून मे महिना नको. आत्ता ये आणि तिला घेऊन जा. पुण्यात तर डोळ्यांचे दवाखाने ढिगानं असतील. खोली मिळेपर्यंत चौघींत पाचवी म्हणून ठेव, मी तांदूळ-डाळ पोचती करते. दवाखान्याचे कागद, चष्म्याचा नंबर, पट्ट्यांची दोन पाकिटं पिशवीत भरून ठेवलीत. पट्टी सकाळी जेवण झाल्यावर लाव, उपाशीपोटी जास्त रडते. कोपरा नखानं सोडवते, तेव्हा नखं कापत जा. काढताना भुवईवर कोमट पाण्याचं बोट फिरव, ओढू नकोस. पट्टी असताना वाटाणे निवडायला दे, मणी ओवायला दे, शेजारी बस, पण तिचं काम तू करू नकोस. माझं नाव काढून रडेल. चार दिवस रडेल, मग थांबेल. थांबली की मला कळवू नकोस.

काल दाजींनी तिच्या चपलांचे बंद शिवले, तिला विचारलं, "पुण्याला गेल्यावर आमाला इसरशील काय गं?" ती म्हणाली, "तुमी, मावशी, रुक्माबाई, सगळ्यास्नी घेऊन जायाचं." दाजी उठून रुळाकडे गेले.

एकच राहिलं. तू येशील तो दिवस पट्टी चुकवायचा नाही, असं मी ठरवलंय. म्हणजे स्टेशनवर आम्ही येऊ तेव्हा तिचा चांगला डोळा झाकलेला असेल आणि चष्म्यातून तो एकटा आळशी डोळा बघत असेल. तिनं तुला समोर बघून चार महिने झालेत, मधे बघितलं ते फोनच्या काचेत. तू डब्यातून उतरलीस की लांबूनच तिचं नाव घेऊन हाक मार. बोलत बोलत जवळ ये. ती आपल्याला ओळखते का बघू म्हणून समोर गप्प उभी राहू नकोस. परवा मी राहिले होते. दारात, चार हातांवर, हात बांधून. तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, "कोण हाय? कोण पायजे तुमाला? मावशी घरात न्हाय."

मंगल